ट्रॅकसाठी गाडी खाली घ्यायची की सस्पेन्शन सुधारायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे २०२१ ची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आहे. रोज ऑफिसला तीच, आणि आता वर्षातून दोन-तीनदा चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला न्यायचीये, तीही पुण्याहून स्वतः चालवत. वळणात पुढचं नाक बाहेर पळतं आणि बॉडी रोल खूप वाटतो. गॅरेजवाला म्हणतो कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा संच) टाका, १० किलोची स्प्रिंग घ्या, गाडी दोन इंच खाली घ्या, मग बघा कशी चिकटते. दीड लाख बाजूला ठेवलेत. घेऊ का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: नका घेऊ, निदान त्या स्वरूपात तरी नाही. पोलो माझ्या फार जवळची गाडी आहे, तुमच्याच शेजारी चाकणला बनलेली, आणि तिला दोन इंच खाली घेऊन बिघडवलेलं बघवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात आणि चाकाला खालून धरणारा एक आर्म. कंपनीच्या उंचीवर खालचा आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो, त्यामुळे वळणात बाहेरची बाजू दबली की तो आडवा होत जातो, चाकाचं खालचं टोक बाहेर ढकलतो आणि थोडं निगेटिव्ह कॅम्बर मिळतं, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकतं आणि टायर रस्त्यावर सपाट राहायला मदत होते. आता गाडी दोन इंच खाली घेतली की हाच आर्म उभ्या गाडीतच उलटा, बाहेरून वर चढलेला दिसतो. मग वळणात गाडी दबली की तो चाकाचं खालचं टोक आत ओढायला लागतो, कॅम्बर उलट्या दिशेने जातं आणि टायर बाहेरच्या कडेवर घासतं. वरून रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतं, दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला झुकवणारा तरफेचा दांडाच लांब होतो. थोडक्यात काय, दिसायला गाडी खाली बसलेली पण झुकण्याची ओढ आधीपेक्षा जास्त, मग ती दाबायला अजून कडक स्प्रिंग, आणि तिथून चक्र सुरू.

दुसरं म्हणजे बंप स्टॉप. उंची एवढी कमी केली की शॉकला दबायला जागाच उरत नाही आणि वळणात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकच्या रबराच्या ठोकळ्यावर जाऊन बसते. त्या क्षणी पुढची बाजू एकदम दगडासारखी कडक होते, टायरवरचा भार झटक्यात वाढतो आणि ग्रिप सुटते. तुम्हाला वाटतं अंडरस्टिअर (नाक बाहेर पळणं) आहे, अजून कडक स्प्रिंग हवी, पण खरा गुन्हेगार तो ठोकळा असतो. हे तपासायला पैसे लागत नाहीत. पुढच्या शॉकचा रबरी बूट वर सरकवा, चकचकीत रॉडवर एक बारीक झिप टाय घट्ट बसवा आणि खाली शॉकच्या बॉडीला टेकवा, चार-पाच लॅप मारा आणि परत येऊन बघा झिप टाय रॉडवर कुठवर सरकलाय. तो बंप स्टॉपपर्यंत पोचलेला दिसला तर उत्तर तुमच्या डोळ्यासमोर आहे. ट्रॅकवर नेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण बहुतेक लोक हे न बघताच स्प्रिंग ऑर्डर करतात.

आता १० किलोच्या स्प्रिंगबद्दल. किलो म्हणजे इथे १ मिलिमीटर दाबायला लागणारं वजन. तुमच्या गाडीत ड्रायव्हर धरून पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन ३०० किलोच्या आसपास येतं. रोडच्या गाडीची पुढची बाजू साधारण १.२ ते १.५ हर्ट्झने हलते, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा वर-खाली, आणि त्याला अडीच किलोच्या आसपासची स्प्रिंग पुरते. रोड टायरवर ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला २ हर्ट्झ भरपूर झालं, त्याला साडेपाच किलोच्या आसपास लागतं. १० किलोला हिशोब २.७ हर्ट्झच्या जवळ जातो, ते स्लिक (बिननक्षीचे रेसिंग) टायर लावून फक्त गुळगुळीत ट्रॅकवर फिरणाऱ्या गाडीचं काम. तुम्हाला आधी पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत जवळपास १२०० किलोमीटर जायचंय, वाटेत सर्व्हिस रोड, पुलांचे जॉइंट, गावागावातले स्पीड ब्रेकर, आणि परत तेवढंच. आणि सोमवारी ऑफिस.

मग दीड लाख कुठे लावायचे? आधी टायर. १९५/५५ आर१६ मध्ये चांगला परफॉर्मन्स टायर घ्या, यातून जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच शॉकने पडणार नाही. मग ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ फ्लुइड, कारण चेन्नईच्या उन्हात थोड्याच लॅपमध्ये पेडल खाली जायला लागलं तर सस्पेन्शनचं कौतुक कुणाला. मग अलाइनमेंट, आणि इथेच तुमच्या अंडरस्टिअरचं खरं औषध आहे. कंपनी पुढे साधारण अर्धा ते एक डिग्री निगेटिव्ह कॅम्बर देते, ट्रॅकला दोन ते अडीच हवं. त्यासाठी स्ट्रटच्या वरच्या टोकाला, ते आत सरकवता येईल अशी कॅम्बर प्लेट बसवावी लागते, आवाज थोडा वाढतो पण ट्रॅकवर नाक आत वळायला लागलं की ते विसरायला होतं. टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर) शून्य ठेवा. ट्रॅकवर थोडा टो-आऊट छान वाटतो पण १२०० किलोमीटर हायवेवर तो टायरची आतली कड खाऊन टाकतो.

मग शॉक. आधी शॉक आणि मग स्प्रिंग असा विचार करा, कारण दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरतो तो शॉकच. मोनोट्यूब घ्या. त्यात गॅस आणि तेल वेगळ्या पिस्टनने अलग ठेवलेले असतात आणि तेलाच्या नळीला बाहेरची हवा थेट लागते, त्यामुळे तापल्यावर तेलात फेस होऊन शॉक मऊ पडणं टळतं. बिल्स्टाइनचा बी८ कमी उंचीच्या स्प्रिंगसाठीच आखूड बनवलेला आहे, त्यावर आयबाखची साधी लोअरिंग स्प्रिंग लावली की रोड आणि ट्रॅक दोन्ही जमतं. कॉइलओव्हरच हवा असेल तर बिल्स्टाइनचाच बी१४ बघा, त्यात उंची बदलते पण डॅम्पिंग (शॉक स्प्रिंगला किती आवरतो ते) कंपनीने ठरवलेलं असतं, आणि माझ्या मते नवीन माणसाला तेच बरं. केडब्ल्यूच्या व्ही३ मध्ये कम्प्रेशन (दबताना) आणि रीबाउंड (उसळताना) वेगवेगळे फिरवता येतात, पण काय फिरवल्यावर काय होतं हे लिहून ठेवायची सवय नसेल तर त्या नॉबचे पैसे वाया. कुठलाही किट घ्या, गाडी २० ते २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेऊ नका.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा बीम) आहे, स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात. मागे जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारी आडवी सळई) टाकला तर नाक अजून छान वळतं. वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललेलं दिसेल, घाबरू नका, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकचं ते नेहमीचंच आहे. पुढचा बार मात्र आहे तोच ठेवा, तो कडक केला की आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि स्लो कॉर्नरमधून गॅस दिला की नुसतं फिरत बसतं. आणि मागचा जाड बार सगळ्यात शेवटी, कोरड्यावर सवय झाल्यावर, कारण पावसात मागची बाजू अचानक सुटू शकते.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. शिवाय आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बसत नाही. तेव्हा मूळ शॉक-स्प्रिंग विकू नका, तेल लावून गुंडाळून ठेवा, आणि ट्रॅकवर जे नुकसान होईल ते आपल्या खिशातून हे धरूनच निघा.

प्रश्न: स्विफ्ट आहे, ट्रॅकसाठीच ठेवलीये. ओळखीचा मेकॅनिक स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो म्हणतो, जवळजवळ फुकटात. चालेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: अजिबात नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, पण शॉक तोच राहतो आणि कापलेलं टोक स्प्रिंगच्या सीटमध्ये नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते आणि हे ट्रॅकवर झालं तर पुढचं बोलायला नको. स्विफ्टमध्ये स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) दोन बोल्टनी जोडलेले असतात, तिथे वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकून एखाद डिग्री कॅम्बर वाढवून घ्या. खर्च किरकोळ आणि फायदा खरा. बोल्ट टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या सेशननंतर परत तपासा.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो, इथे फोक्सवॅगनची अप जीटीआय घेतलीये. न्युर्बुर्गरिंगला टुरिस्ट लॅपसाठी जायचंय, सगळे म्हणतात कडक सस्पेन्शन लाव.
– एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर: नॉर्डश्लाइफेवर, म्हणजे न्युर्बुर्गरिंगच्या ज्या लांब ट्रॅकवर टुरिस्ट लॅप मारतात तिथे, कडक लावणं म्हणजे पायावर धोंडा. जवळपास २०.८ किलोमीटरचा तो रस्ता डोंगरातून चढतो-उतरतो, मध्ये उंचवटे आहेत जिथे गाडी हलकी होते, आणि कारुसेलचं ते काँक्रीटचं खोलगट वळण तर सांध्यासांध्यावर आपटत नेतं. तिथे चाक जमिनीवर राहायला हवं, म्हणजे प्रवास भरपूर आणि रीबाउंड नीट असलेला शॉक. ११५ पीएसच्या हलक्या गाडीला कंपनीच्या उंचीवरचा बिल्स्टाइनचा बी६ शॉक पुरेसा आहे, स्प्रिंग मूळचीच ठेवा आणि उरलेले पैसे टायर आणि ब्रेकमध्ये घाला. तुमच्याकडे बदल कागदावर लागतात, त्यामुळे पुढे लोअरिंग स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर घेतलाच तर टाइलेगुटआख्टेन (त्या भागाचा तपासणी अहवाल) असलेलाच घ्या आणि बसवल्यावर लगेच तपासणी करून नोंद करून घ्या. आणि विमा कंपनीला लेखी विचारा नॉर्डश्लाइफे धरता का, कारण अपघात झाला तर गार्डरेलचं बिलसुद्धा तुमच्याच नावावर येतं.