भिंगाचं दुखणं : टरेट फिरवला तरी छर्रा हलत नाही

दिवाळीनंतर नेमबाजीचा सराव पुन्हा जोरात सुरू होतो, त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं रायफलच्या स्कोपबद्दल, म्हणजे तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीबद्दल आहेत. गिरगावात माझ्याकडे दुर्बिणी आणि मायक्रोस्कोपबरोबर स्कोपही दुरुस्तीला येतात. ‘टरेट (निशाण वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायची फिरकी) गेला’, ‘लाइट गेला’ म्हणून आणलेल्या कितीतरी स्कोपमध्ये टरेट आणि लाइट दोन्ही धड असतात. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पुढची उत्तरं वाचा, एवढीच विनंती.

प्रश्न : माझ्याकडे ०.१७७ इंची, स्प्रिंगची एअर रायफल आणि त्यावर ३–९×४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा) स्कोप आहे. क्लबमध्ये १० मीटरवर छर्रे दोन सेंटिमीटर खाली लागत होते. टरेटवर ‘एक क्लिक पाव एमओए’ असं छापलंय, म्हणून चार क्लिक वर केले. काही फरक नाही. आणखी चार केले, तरी तेच. शेवटी बरेच फिरवले, तर पहिला छर्रा जुन्याच जागी आणि दुसरा एकदम वर! टरेट बदलून घ्यावा का? — वाचक, मुलुंड

उत्तर : बदलू नका. आधी हिशोब करू. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग; पाव एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. तुम्ही उभे आहात १० मीटरवर, म्हणजे एका क्लिकला छर्रा पाऊण मिलिमीटरही हलत नाही. चार क्लिकचे झाले जेमतेम ३ मिलिमीटर, आणि तुमचा छर्राच साडेचार मिलिमीटर जाडीचा. नवं भोक जुन्या भोकावरच पडणार, दिसणार काय? दोन सेंटिमीटर वर यायला सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक लागतात. हातात नवा स्कोप घेतलेला जवळपास प्रत्येक जण इथे अडखळतो, कारण डब्यावरचे आकडे शंभर यार्डांचे असतात आणि मुंबईत आपल्याला अंतर मिळतं १० मीटर.

पण पहिला छर्रा जुन्या जागी आणि दुसरा भलतीकडे, हे मात्र हिशोबाबाहेरचं आहे. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. वरच्या आणि बाजूच्या टरेटचे स्क्रू तिला दाबतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला उलट रेटते. स्क्रू आत जातो तेव्हा नळी मुकाट्याने सरकते. स्क्रू बाहेर येतो तेव्हा मात्र नळीला मागे आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं. स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा आतलं ग्रीस घट्ट झालं असेल, तर नळी तिथेच चिकटून राहते. बोटाला क्लिक लागतो, कानाला ऐकू येतो, आत काहीच हललेलं नसतं. मग बार झाल्याच्या धक्क्याने ती सुटते आणि दुसरा छर्रा उडी मारतो.

यावरचा जुना उपाय आजही चालतो. जिथे थांबायचं त्याच्या पुढे सहा-आठ क्लिक जा आणि मग परत या, मात्र शेवटची हालचाल स्क्रू आत जाण्याची हवी. नंतर टरेटच्या बुडाशी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. स्वस्त स्कोपमध्येही एवढ्याने बराच फरक पडतो.

आता माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा बघा. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दुहेरी असतो : पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की पुढे जाते. बारुदाच्या रायफलीसाठी केलेले बरेच स्कोप फक्त मागच्या धक्क्याला तयार असतात, हा उलटा धक्का त्यांना सोसत नाही. रिंगच्या कडेला नळीवर मास्किंग टेपचा कपटा चिकटवा, त्यावर कडेलगत टोकदार पेन्सिलीची रेघ ओढा आणि वीसेक छर्रे मारा. रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली, तर तुमचा टरेट निर्दोष आहे, स्कोप रिंगमध्ये सरकतोय. तसंच माउंटही रायफलवरच्या रेलवरून (तो बसतो त्या खाचेच्या पट्टीवरून) सरकत नाही ना, ते बघा. पण म्हणून रिंगा करकचून आवळू नका. कंपनीने दिलेल्या आकड्याबरहुकूम, टॉर्कच्या (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या) पान्यानेच आवळा. जास्त दाबलेली नळी किंचित चेपते आणि आतली बारीक नळी कायमची अडते. असे चेपलेले स्कोप बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यावर इलाज नसतो.

शेवटी चौकोनाची परीक्षा घ्या. निशाणाचा बिंदू तोच ठेवायचा. आधी तीन छर्रे, मग ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी तीन-तीन छर्रे. १० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर बाजूचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटचे तीन पहिल्या तिघांवर बसायला हवेत. तसे बसले नाहीत, तरच स्कोप माझ्याकडे आणा.

प्रश्न : मी मूळचा परळचा, आता न्यूझीलंडमध्ये असतो. परवाना काढून हरणांच्या शिकारीला जातो. संध्याकाळी स्कोपमधला लाल लाइट लावला की क्रॉसहेअर (निशाणाची फुली) झक्क दिसतो, पण मागचं हरीण झुडपात विरघळतं. लाइट सदोष आहे का? — वाचक, ऑकलंड

उत्तर : लाइट सदोष नाही, जास्त आहे. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि समोर प्रखर ठिपका आला की ही मिळकत काही क्षणांत जाते. लाल रंगाने हे नुकसान कमी होतं, पण रंग लाल आणि उजेड भरपूर असेल तर उपयोग शून्य. शिवाय पूर्ण उजेडावर नळीच्या आतल्या भिंतींवर लालसर झाक पसरते. बटण सर्वांत खालच्या आकड्यावर आणा. क्रॉसहेअरची रेघ झाडीपासून जेमतेम वेगळी ओळखू आली की तिथेच थांबा. सर्वांत खालचा आकडाही डोळ्यांत खुपत असेल, तर तो स्कोप दिवसाउजेडासाठीच केलेला आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, असं माझं मत आहे. तुमच्याकडे परवानगी आहे, म्हणून तिथलाच नियम सांगते : न्यूझीलंडच्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांत ‘लक्ष्य निःसंशय ओळखा’ हा एक आहे. हरीण झुडपात विरघळलं, तर त्या संध्याकाळी चाप ओढायचा नाही. लाइट रेघ दाखवतो, समोर जनावर आहे की माणूस ते सांगत नाही.

प्रश्न : स्कोपचा सेल महिन्याभरात संपतो. नवा घातला तरी लाइट लुकलुकतो. — वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सेलवरचा नंबर वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दुकानात तो नसला की २०२५ हातात ठेवतात. तोही तीन व्होल्टचा, पण जाडी अडीच मिलिमीटर, त्यामुळे झाकण बसतं आणि आत सेल खुळखुळतो. सेल बरोबर असेल, तर झाकणाच्या आतली पत्ती बघा. आपल्या पावसाळ्यात तिच्यावर हिरवट थर येतो. साधा खोडरबर हलकेच फिरवा, कोरड्या सुती कापडाने पुसा आणि नवा सेल कडेने धरून बसवा.

महिन्याभरात सेल संपण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे लाइट चालूच राहणं. बॅगेत घासून बटण फिरतं. जून ते सप्टेंबर सेल काढूनच ठेवा. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका : गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजते, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि कृपा करून स्कोप ‘साफ करायला’ उघडू नका. आत नायट्रोजन भरून तो सीलबंद केलेला असतो. एकदा उघडला की मुंबईची दमट हवा आत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात काचेवर बुरशीचे धागे दिसायला लागतात.

प्रश्न : मुलगी वरळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकते. लाइटवाला कोणता स्कोप घ्यावा? — एक पालक, दादर

उत्तर : कुठलाच नको. या प्रकारात दुर्बिणीचा स्कोप नियमातच बसत नाही, बारीक भोकाचा पीप साइट वापरतात. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि मुली तो भिंगाशिवाय टिपतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटरवर, तेही स्कोप न लावता. ते पैसे अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटला ठेवा, आणि माप घेताना प्रशिक्षकांना सोबत न्या.