केबल गेली, पण गुन्हा कुठे गेला?

या वेळच्या टपालात शेतातल्या चोऱ्यांबद्दलची पत्रे सर्वात जास्त आहेत. मोटार, केबल, स्टार्टर, जनावरे असे विषय आहेत आणि एका पत्रात तालुक्याच्या गुन्हेगारीच्या आकड्यांवरून पडलेला घोळ आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीची साठ मीटर केबल रात्रीत कापून नेली. ठाण्यात ‘एनसी’ नोंदवून कागद हातात दिला. पूर्वी अशा चोरीचा सरळ गुन्हा दाखल व्हायचा. आता काय बदलले? (ता. निफाड)

बदलला तो कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम 379 खाली चोरी शंभराची असो की लाखाची, ती दखलपात्रच होती, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत. नव्या कलम 303(2) मध्ये पाच हजारांची रेघ आहे. गेलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर चोरी अदखलपात्र (इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल, म्हणून ‘एनसी’) ठरते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तुम्हाला मिळालेला कागद त्याचाच आहे.

म्हणजे तक्रारीत किंमत काय लिहिली जाते, यावर सगळे ठरते. इथेच शेतकरी फसतो. ठाणे अंमलदार विचारतो, “कितीची होती?” आपण म्हणतो, “जुनीच होती साहेब, असेल चार हजारांची.” झाली एनसी!

हिशेब करून बघा. तीन कोअर (आतल्या तारा), प्रत्येकी 4 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तांब्याचा एकूण छेद 12 चौरस मिलिमीटर. साठ मीटरला 720 घन सेंटिमीटर तांबे झाले, घनता 8.96 धरली तर साधारण साडेसहा किलो. भंगारात किलोला 700 रुपये मिळतात असे समजा, तर चोराच्या हाती साडेचार हजार पडतात. तीच केबल दुकानात 150 रुपये मीटरने घ्यायची म्हटली तर 9,000 लागतात. चोराच्या हिशेबाने एनसी, तुमच्या हिशेबाने गुन्हा. तक्रारीत चोरीच्या दिवशी त्या वस्तूची बाजारात जी किंमत होती ती लिहायची, भंगाराची नाही. केबल वापरलेली असेल तर तसे लिहा, पण लांबी, कोअर, जाडी, कंपनी आणि खरेदीचे साल यांतले काही सोडू नका. बिल हरवले असेल तर ज्या दुकानातून घेतली तिथून दुबार बिल घ्या; तेही नसेल तर त्याच मापाच्या केबलचे कोटेशन जोडा. सोबत सातबारा आणि कृषिपंपाचे वीजबिल द्या. आकडा फुगवू मात्र नका. पुढे विमा कंपनी आणि कोर्ट तोच कागद उलटून बघतात.

केबलबरोबर स्टार्टर, फ्यूज, पेटीचे कुलूप गेले असेल तर सगळे एकाच तक्रारीत लिहा. दुसऱ्या दिवशी आठवलेल्या वस्तू पुरवणी जबाबात घालता येतात. उभ्या पिकाचे पाणी तुटले असेल तर तेही लिहा. शेतीच्या पाणीपुरवठ्यात घट होईल असे नुकसान करणे हा कलम 326(क) खाली वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे. तुमच्या प्रकरणात ते कलम लागते की नाही हे तपासी अधिकारी ठरवील, पण कागदावर नसलेल्या गोष्टीचा तो विचार करणार नाही.

एनसी आधीच झाली असेल तर दोन वाटा आहेत. कोटेशन जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या, की किंमत पाच हजारांवर असल्याने गुन्हा नोंदवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नोंदवला नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173(4)), आणि तिथेही काही झाले नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जा. किंमत खरोखरच पाच हजारांच्या आत असेल तर त्याच संहितेच्या कलम 174 खाली दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागता येतो. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे.

पंचनाम्याआधी नवी केबल जोडू नका. पिकाला पाणी द्यायची घाई असेल तर कापलेल्या टोकांचे, पेटीचे आणि पायांच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, 112 वर फोन करा आणि पोलीस पाटलाला बोलावून जागा दाखवा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात गुन्हेगारी एका वर्षात दुप्पट झाली, अशी चर्चा आहे. गावात तसे काही जाणवत नाही. हे आकडे निघतात कसे? (ता. पंढरपूर)

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दर असा काढतो : नोंदलेले दखलपात्र गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. सूत्र सोपे आहे, घोळ वरच्या आणि खालच्या आकड्यात होतो.

आधी खालचा आकडा, लोकसंख्येचा. 2400 वस्तीच्या गावात एका वर्षी 3 गुन्हे झाले तर दर 125 येतो. पुढच्या वर्षी 6 झाले की 250. “दुप्पट” हा शब्द खरा, पण त्यामागे फक्त तीन जादा गुन्हे आहेत. एवढ्या छोट्या वस्तीचे एका वर्षाचे दर ताडून बघण्यात अर्थ नसतो. निदान पाच वर्षांची बेरीज घ्यावी. शिवाय 2011 नंतरची लोकसंख्या अंदाजाने धरलेली असते. आणि तुमचे गाव तर पंढरपूर! आषाढीला लाखो वारकरी येतात, गर्दीत मोबाईल आणि मंगळसूत्रे जातात, गुन्हे तिथल्या ठाण्यात नोंदले जातात; भागाकार मात्र कायम राहणाऱ्या लोकसंख्येने होतो. असा दर गावच्या लोकांच्या स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही. ऊसतोडीला सहा महिने गाव रिकामे होते तिथे हाच घोळ उलट्या बाजूने होतो.

आता वरचा आकडा. एका एफआयआरमध्ये घरफोडी, मारहाण आणि खून असेल तर मोजणीत एकच, सर्वात मोठा गुन्हा धरतात. एनसी या दरात येतच नाहीत. म्हणजे 2024 च्या मध्यानंतर पाच हजारांखालच्या चोऱ्या या दरातून बाहेर पडल्या. शिवारातल्या केबलचोऱ्या तेवढ्याच राहिल्या तरी कागदावर ‘चोरी’ कमी दिसू शकते, म्हणून 2023 आणि 2025 शेजारी ठेवताना जपून. उलट एखाद्या अधिकाऱ्याने “आलेली प्रत्येक तक्रार नोंदवा” असे धोरण ठेवले की आकडा चढतो. चढलेला आकडा कधी कधी चांगल्या ठाण्याची खूण असते, हे पटायला जड जाते, पण तसे आहे.

तालुक्याचा आकडा हवा असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज करा. “गुन्हेगारीची माहिती द्या” असे मोघम लिहू नका. ठाण्याचे नाव, पाच वर्षे, आणि चार गोष्टी मागा : चोरीचे दाखल गुन्हे, चोरीच्या एनसी, उघडकीस आलेले गुन्हे, गेलेल्या व परत मिळालेल्या मालाची किंमत. उत्तराची मुदत तीस दिवस.

प्रश्न : गावाने वर्गणी काढून रात्रीचा राखणदार ठेवावा, असा विषय ग्रामसभेत आहे. परवडेल का? (ता. जुन्नर)

आधी चोरीचा खर्च मोजा, मग राखणदाराचा. गेलेल्या वस्तूची किंमत हा खर्चाचा एक तुकडा. त्यात नवी केबल ओढायची मजुरी, मोटार वर काढावी लागली तर कप्पी-ट्रॅक्टरचे भाडे, ठाण्याच्या खेपा, बुडालेले रोज आणि चुकलेले पाणी मिळवा. कांदा पोसायच्या दिवसांत आठ दिवस पाणी नसेल तर बाकी सगळ्या खर्चापेक्षा तोच तुकडा मोठा निघतो.

समजा 40 विहिरींवर वर्षात 8 चोऱ्या होतात आणि प्रत्येकीचा सगळा खर्च 20,000 होतो. म्हणजे 1,60,000, विहिरीमागे 4,000. राखणदाराला महिना 12,000 दिले तर वर्षाला 1,44,000, विहिरीमागे 3,600. म्हणजे त्याने दहातल्या नऊ चोऱ्या थांबवल्या तरच पैसे वसूल. चाळीस विहिरींच्या शिवारात एका माणसाकडून ते होणार नाही. आमचे मत : अख्ख्या वर्षासाठी ठेवू नका. चोर थ्री-फेज लाईट नसते तेव्हाच केबल कापतो, कारण शॉकची भीती नसते, आणि लाईटच्या पाळीचे वेळापत्रक त्यालाही पाठ असते. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री लाईट नसते आणि शेतात माणूसही नसतो. तेवढ्या रात्री ग्रामसुरक्षा दलाने वाटून घ्याव्यात आणि उरलेला पैसा केबलवर खर्च करावा.

केबलचे काय करायचे? विहिरीपासून पेटीपर्यंतचा आडवा तुकडा एचडीपीई पाईपातून दोन फूट खोल पुरा. तो बदलायचाच असेल तर ॲल्युमिनियमचा घाला. भंगारात त्याला तांब्याच्या मानाने फारच कमी भाव मिळतो. 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम निदान 6 चा लागतो, अंतर लांब असेल तर 10 चा. जोड मात्र नुसता पीळ मारून देऊ नका. तांबे-ॲल्युमिनियमचा उघडा जोड ओल लागली की गंजतो, तापतो, एक फेज सुटतो आणि मोटार जळते. वाचवलेल्या केबलपेक्षा रिवाइंडिंग महाग पडते. बायमेटल लग (दोन धातू जोडायची खास टोपी) वापरा आणि जोड बंद पेटीत ठेवा. मोटारीच्या आणि स्टार्टरच्या बॉडीवर वीजग्राहक क्रमांक कोरून घ्या. रंगाने लिहिलेला घासून जातो.

प्रश्न : सौरपंपाच्या पॅनेलची आणि गाईची चोरी विम्यात बसते का? (ता. जत)

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मधल्या संचाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह आहे. चोरी झाली की एफआयआर करून पुरवठादार कंपनीला आणि महावितरणला लगेच लेखी कळवा. गाईचे वेगळे. पशुविमा मुख्यतः मृत्यूचा असतो, चोरी बहुधा त्यातून वगळलेली असते. पॉलिसीचे ‘अपवाद’ हे पान वाचा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो घरी ठेवा. चोर बिल्ला काढतो, पण फाटलेला कान आणि अंगावरचे ठिपके ओळख पटवतात.

प्रश्न : चोरीची मोटार सापडली, पण चार महिने ठाण्यात पडून आहे. (ता. वैजापूर)

ठाण्यातून मिळेल याची वाट बघू नका. कोर्टात मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 503, खटला सुरू असेल तर 497). एफआयआर, खरेदीचे बिल, वीजबिल आणि कोरलेल्या क्रमांकाचा फोटो जोडा. कोर्ट सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, मोटार देते. निकालापर्यंत ती विकू नका, बॉडी बदलू नका. मागितली तर हजर करावी लागते. वापरायला मनाई नाही, फक्त आदेशातल्या अटी बघून घ्या.

प्रश्न : तपासाचे पुढे काहीच कळत नाही. (ता. वैजापूर, तेच वाचक)

नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 193(3)). कळवले नाही तर गु.र.नं. (एफआयआरवरचा गुन्हा रजिस्टर नंबर) घालून लेखी विचारा. ‘अ समरी’ (तपास बंद करण्यासाठी पोलीस कोर्टाला पाठवतात तो अहवाल) पाठवली असे उत्तर आले तर त्याचा अर्थ : गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी आणि ‘क’ म्हणजे ना खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली. ‘ब’ किंवा ‘क’ असेल तर कोर्टाची नोटीस येईल त्या तारखेला हजर राहून लेखी हरकत घ्या. ‘अ’ असेल तर कोर्टाने मंजूर केलेल्या समरीची प्रमाणित प्रत काढून ठेवा. गाडीच्या चोरीचा दावा विमा कंपनी बहुतेक वेळा याच कागदासाठी अडवून धरते.