वाऱ्याने हलणारी छत्री

प्रश्न : गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली आहे, परंतु वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात. दिशा चुकली असेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : दिशा चुकली असती, तर शांत हवेतही चित्र आले नसते. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या पाठवणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने मालवणहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंशांवर येतो, आणि छत्री एखाद-दोन अंश हलली तरी सिग्नल सुटतो. म्हणून आधी खांब ओळंब्याने तपासावा. गिलाव्यात ठोकलेले खिळे (हा प्रकार सर्रास दिसतो) वाऱ्यापुढे टिकत नाहीत. बैठक काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आवळावी. खाऱ्या हवेसाठी बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत. मुसळधार पावसात मात्र चित्र अधूनमधून जाणारच, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या (उच्च वारंवारतेच्या) लहरी पाण्यात शोषल्या जातात.