जानेवारीत बर्फातून चंद्रशिला एका दिवसात: यवतमाळकडच्या चौघांनी काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा, की चौघेही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले, बर्फ फक्त मोबाइलवर पाहिलेला, आणि कापसाची वेचणी आटोपली की जानेवारीत उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथ मंदिर व वर चंद्रशिला शिखर एका दिवसात करायचे आहे. जमेल का, आणि काय न्यावे?

जमते. एका बाजूचे अंतर जेमतेम पाच किलोमीटर. फजिती होते ती घामामुळे आणि उशिरामुळे, थंडीचे नाव उगाच पुढे येते.

पण त्याआधी एक गोष्ट, जी तिकडचे ट्रेकवाले बहुधा विचारणार नाहीत. चौघांची सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. आजार असलेल्याने या उंचीवर जाऊच नये. वाहकाला, म्हणजे ज्याला तो दोष एकाच पालकाकडून आला आहे त्याला, गावात काही त्रास नसतो, म्हणून तो स्वतःला धडधाकट समजतो. पण विरळ हवा, थंडी आणि पाणी कमी पडणे हे एकत्र आले की त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून डाव्या बरगडीखालच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली तर गॅस समजून गोळी घेत बसू नका, तडक खाली उतरून दवाखाना गाठा. वाहक असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

आपले चिखलदऱ्याचे वैराट शिखर बाराशे मीटरच्याही आत. चोपताच 2,700 मीटरच्या आसपास आणि शिखर त्याहून हजारेक मीटर वर. म्हणून ऋषिकेशहून थेट चोपता गाठून दुसऱ्या पहाटे चढायचा बेत नको. एक रात्र उखीमठला काढा, एक सारी गावात. सारीहून देवरियातालापर्यंत चढून परत या, म्हणजे बूट कुठे चावतात तेही कळेल. डोके दुखत असेल, मळमळत असेल, जेवण जात नसेल तर वर जायचे नाही. त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली यायचे. आणखी एक, हिमवृष्टीनंतर गाडी बऱ्याचदा दुगलबिट्ट्यापर्यंतच जाते. तिथून चोपत्यापर्यंतची सहा-सात किलोमीटरची चाल वाढली, तर मुक्काम चोपत्यालाच करून शिखर पुढच्या दिवशी.

कपड्यांत सुती काही नको. पांढरे सोने पिकवणाऱ्याला हे सांगणे जिवावर येते, पण सुती बनियन घाम धरून ठेवते, वाळत नाही, आणि थांबलात की तेच ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. आत पॉलिस्टर किंवा लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे जॅकेट), सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट. जीन्स घरीच ठेवा. चालू लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापते. जाड जॅकेट चालताना पिशवीत आणि थांबल्याबरोबर अंगावर. लोकरीचा एकच जाड मोजा घाला. दोन कोंबले तर रक्त अडते आणि बोटे उलट जास्त गारठतात. एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे. त्यावर चढवायचे मायक्रोस्पाइक, म्हणजे रबराला जोडलेली दात्यांची साखळी, भाड्याने मिळतात, ते घेताना घाई करू नका. स्वतःचा बूट घालूनच मापून पाहा. रबर ताणून धरा. बारीक चिरा दिसल्या तर दुसरे मागा, कारण थंडीत रबर कडक होऊन तिथेच तुटते. दाते झिजून बोथट झालेले नकोत. साखळी तळव्याला घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर उतारावर एका बाजूला सरकते आणि दाते हवेत राहतात. मऊ बर्फात दातांमध्ये गोळा चिकटतो, मग स्पाइक असूनही पाय घसरतो. दर थोड्या वेळाने काठीने बूट ठोकून तो पाडायचा. बर्फ नसलेल्या दगडी फरशीवर मात्र स्पाइक काढा.

आता घड्याळ. पहाटे चार-साडेचारला डोक्यावरची बॅटरी लावून निघा. रात्री गोठलेल्या कडक बर्फावर स्पाइक छान धरतात. ऊन चढले की तोच बर्फ भुसभुशीत होतो, गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि उतरायला दुप्पट वेळ लागतो. अकरा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, शिखर समोर दिसत असले तरी. तुंगनाथापर्यंत वाट फरशीची, पण ती बर्फाखाली दडलेली असते. लोक सरळ चढणीवर शॉर्टकट मारतात आणि घसरतात. सर्वांत जास्त जपायचे ते तुंगनाथ ते चंद्रशिला या दीड किलोमीटरच्या आडव्या उतारावर. पुढच्याच्या पावलात पाऊल टाका, उतरताना टाच रोवा. माथ्यावर चौखंबा, नंदादेवी दिसते म्हणून कडेला जाऊ नका. वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा छज्जा पुढे आलेला असतो, त्याखाली जमीन नसते. ताजी हिमवृष्टी झाली असेल तर एक-दोन दिवस थांबा आणि स्थानिक गाइड घ्या. तिथे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

मंदिर हिवाळ्यात बंद असते, देव खाली मक्कूमठ गावात असतात, त्यामुळे वाटेवर चहा-मॅगी धरून चालू नका. माणशी दोन लिटर पाणी, त्यातले निम्मे थर्मासमध्ये गरम. साधी बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, मग तो बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळे राहते. संक्रांतीचे तिळाचे लाडू मऊसर वळून न्या. चिक्की तिथे दगड होते, दात जाईल. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी झपाट्याने उतरते.

बाजूने बंद असलेला काळा चष्मा ढग असले तरी लावायचा. बर्फावरून ऊन खालूनही येते, म्हणून ऊन अडवणारे क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही लावा. बोटे पांढरी, बधिर झाली तर काखेत धरा. चोळू नका, आणि शेकोटीवर तर मुळीच धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही.

रात्री लॉजवाला सिगडी देईल. ती घेऊन दार-खिडक्या लावून झोपू नका, कोळशाच्या वायूने झोपेतच माणसे जातात. आणखी एक रजाई मागा आणि सिगडी बाहेर ठेवा.