वाजणारा रुबाब आणि मिरवायचा रुबाब

प्रश्न असा होता की अफगाणिस्तानातल्या त्या तंतुवाद्याला मराठीत 'रुबाब' लिहायचं का 'रबाब', आणि आपण "काय रुबाब आहे त्याचा" म्हणतो तो शब्द या वाद्यावरनंच आलाय का.

दुसऱ्याचं आधी सांगतो. नाही आलेला. आपला ऐटीतला रुबाब हा हिंदीतल्या रोब, रुआब यांचा भाऊबंद, आणि त्यांच्या मागे अरबी 'रुअब' आहे, म्हणजे धाक, दरारा. तो लिहितात रे-ऐन-बे. वाद्याचं नाव लिहितात रे-बे-अलिफ-बे. त्या लिपीत दोन्ही शेजारी ठेवले की घोळ व्हायचं कारणच नाही, पण ऐन हा गळ्यातनं काढायचा आवाज आपल्याकडे टिकत नाही, तो गेला आणि देवनागरीत दोघं जुळे दिसायला लागले. मराठीत येईपर्यंत धाक पण बराच निवळला, म्हणून तर नव्या सायकलवर बसलेल्या पोराला सुद्धा आपण "रुबाब मारतोय" म्हणतो.

आणखी एक नेहमी वाचायला मिळतं, की रूह म्हणजे आत्मा, बाब म्हणजे दार, म्हणून रुबाब म्हणजे आत्म्याचं दार. ऐकायला छान आहे पण खरं नाही. रूहमधला 'ह' कुठे गेला? आणि मूळ अरबी उच्चार 'रबाब' आहे, त्यात 'रू' नाहीच. अरबांकडे हे नाव गजाने वाजवायच्या वाद्याला आहे, १०व्या शतकात अल-फाराबी या पंडिताने रबाबाबद्दल लिहिलंय. म्हणजे नाव एकच पण प्रत्येक मुलखात वाद्य वेगळं. गुरु नानकांसोबत भाई मरदाना वाजवायचे तो रबाब, काश्मिरात छकरी या लोकगाण्याच्या साथीला असतो तोही रबाब. काबूलकडची दरी, म्हणजे अफगाणी फारसी, बोलणारी माणसं मात्र रुबाब म्हणतात, म्हणून माझं मत, अफगाणी वाद्याला रुबाब लिहावं आणि पंजाबी-काश्मिरी वाद्यांना रबाब, तेवढ्यानेच वाचणाऱ्याला कळतं कुठल्या वाद्याबद्दल चाललंय.

'अफगाणी ल्यूट' लिहायची तर अजिबात गरज नाही, कारण आपल्याला सरोद माहितीय आणि सरोद या रुबाबाच्याच घरातला आहे. सरोदवादक अमजद अली खान यांच्या बंगश घराण्याचे पूर्वज अफगाण मुलखातनं इकडे रुबाब घेऊन आले, आणि पुढे त्यावर पोलादी पट्टी आणि धातूच्या तारा चढल्या. फरक मोठा आहे. रुबाबाच्या दांडीला चार पडदे बांधलेले असतात आणि मुख्य तारा तीनच, पूर्वी आतड्याच्या, आता नायलॉनच्या, त्यामुळे सरोदसारखी लांब मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, तिथे निघत नाही, आघातावरच सगळी मदार. खोड तुतीचं, अख्खं कोरलेलं, खालच्या पोकळीवर बकरीचं कातडं, आणि बाजूला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा. त्यातली सगळ्यात आखूड तार घोडीवर जरा उचललेली असते म्हणजे ती एकटी छेडता येते, आणि वाजवणारा मुख्य स्वरांच्या मधल्या फटीत ती टिण् टिण् मारत राहतो. याला ते परंदकारी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोघं जण वाजवतायत असंच वाटलं होतं, हेडफोन लावून परत ऐकल्यावर कळलं एकच हात आहे.

यात मुंबईचा पण एक खरा धागा आहे. काबूलचे रुबाबवादक उस्ताद मोहम्मद उमर १९७४ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवायला गेले होते, तिथल्या कार्यक्रमात त्यांच्या साथीला तबल्यावर होते झाकिर हुसेन, वय जेमतेम २३. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती पण तीनताल येत होता. याला कारण आहे, १८६०च्या दशकात अमीर शेर अली खानने हिंदुस्थानातले गवई-वादक काबूलला दरबारात नेले, ते खराबात मोहल्ल्यात राहिले, आणि रागताल काबूलचेही झाले.

आजचं ऐकायचं तर रुबाबवादक हुमायूं सखी ऐका. काबूलचे, मग पेशावर, मग कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी चौकडीच्या व्हायोलिन-चेलोसोबत सुद्धा त्यांनी वाजवलंय आणि रुबाब त्यात कुठे बुजत नाही. घरी अफगाणिस्तानात मात्र २०२१ला तालिबान आल्यापासून परत संगीतावर बंदी, काबूलची राष्ट्रीय संगीत संस्था पोर्तुगालला हलवावी लागली, मुलंमुली तिथे शिकतायत. आणि २०२४ला युनेस्कोच्या यादीत रुबाब बनवण्या-वाजवण्याची कला आली, अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान यांच्या नावाने मिळून. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं खरं सांगतो, जगाच्या यादीत आहे आणि काबूलच्या गल्लीत नाही.

राहिलं लिंग. 'तो रुबाब' असंच म्हणा, सरोदसारखं. दोन्ही रुबाब पुल्लिंगी आहेत तरी वाक्यात गोंधळ होत नाही: एकाचा रुबाब दिसतो, दुसऱ्याचा ऐकू येतो. अगदीच शंका वाटली तर पहिल्यांदा 'रुबाब हे वाद्य' लिहा आणि पुढे नुसतं रुबाब.