मैत्रिणीबरोबर समुद्रकाठी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या. नोकऱ्या, मुलं, आईवडिलांची आजारपणं, या सगळ्यात आम्हाला एकत्र बाहेर पडायला कधी जमलंच नाही. आता पहिल्यांदाच चार दिवस समुद्रकाठच्या एका शहरात जायचं ठरलंय. मला नुसतं पाण्याजवळ बसून राहायचंय. तिची मात्र आत्ताच यादी तयार आहे: दीपगृह, संग्रहालय, जुनी पेठ आणि असंच बरंच काही. त्यात तिचा हात सध्या आखडता आहे, हे मला ठाऊक आहे आणि ती ते बोलून दाखवणार नाही. इतक्या वर्षांची मैत्री चार दिवसांत विस्कटू नये, म्हणून काय करू?
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अगदी असाच प्रवास मी केला आहे. माझ्याही मैत्रिणीजवळ यादी होती, चार घड्या घातलेला कागद. तो ती सारखा पर्समधून काढायची आणि परत ठेवायची. पहिले दोन दिवस मी तिच्यामागून फिरले. बोलले काहीच नाही, पण चेहऱ्यावर दिसत असणार. तिसऱ्या दिवशी ती दुपारी जरा लवंडली आणि मी तिला न उठवता किनाऱ्यावर निघून गेले. पाण्याच्या कडेला चपला काढल्या आणि वाळूवरून चालत सुटले, पार खडकांच्या पलीकडे.

भरती चढत होती आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. तासा-दीड तासाने परत वळले तर ती गुडघाभर पाण्यात उभी. हातात माझी एक चप्पल. दुसरी पाण्याने नेली होती. तिला तरंगत असलेली ती एकच सापडली होती आणि मी कुठेच दिसत नव्हते. मला पाहिल्यावर ती रागावली नाही, काही बोललीसुद्धा नाही. माझं मनगट तिने धरलं, तेव्हा तिची बोटं बर्फासारखी गार होती. यादीचा कागद तिच्या दुसऱ्या मुठीत होता, भिजून लगदा झालेला.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा मोकळेपणाने बोललो. मी म्हणाले, ‘अगं, मला संग्रहालयात गुदमरल्यासारखं होतं.’ ती म्हणाली, ‘आणि मला नुसतं बसलं की घरचं सगळं आठवायला लागतं, म्हणून मी फिरते.’ हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्या मैत्रिणीच्या यादीमागेही काहीतरी असेल. निघण्याआधी विचारा. ‘तुला काय काय बघायचंय’ हे तर ती सांगतेच आहे. ‘तुला तिथे जाऊन कसं वाटायला हवंय’, हे विचारा.

मग आम्ही एक केलं आणि तेच तुम्हाला मनापासून सुचवते. भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून आरशाला चिकटवल्या आणि दिवस त्यांच्याभोवती आखला. आदल्या संध्याकाळची भरती सात दहाची होती, म्हणजे सकाळची साधारण सात पस्तीसला आणि दुपारची ओहोटी पावणेदोनला. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. (सगळीकडे नाही. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर पाणी चढल्या-उतरल्याचं जेमतेम कळतं, तर कॅनडातल्या बे ऑफ फंडीमध्ये ते १६ मीटरपर्यंत चढतं. तुम्ही जाल तिथलं कोष्टक आधी मिळवा.) समुद्राचं वेळापत्रक मधे आलं की ‘तुझं ऐकायचं की माझं’ हा वाद उरत नाही. कधी किनाऱ्यावर, कधी शहरात, हे बरंचसं पाणी आणि ऊन ठरवतं.

ऊन मुद्दाम म्हणते. भर दुपारचा वेळ बिनदिक्कत तिच्या संग्रहालयाला देऊन टाका. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ऊन सगळ्यात जास्त भाजतं. पातळ ढग आले म्हणून बेफिकीर होऊ नका, त्यांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात आणि कोरडी वाळू आणखी १५ टक्क्यांच्या आसपास परत वर फेकते. म्हणूनच छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच पुन्हा लावायचं. मैत्रीण बरोबर असण्याचा हा मोठा फायदा, पाठीला लावायला दुसरा हात मिळतो.

तुमची वेळ सकाळची. रात्रभर जमीन निवलेली असते, वारा पडलेला असतो, बऱ्याच ठिकाणी पाणी आरशासारखं असतं. उन्हं चढली की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा सुटतो. त्याबरोबर लाटाही उसळायला लागतात. ओहोटी लागलेली असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चालण्यासारखं सुख नाही, दुखऱ्या गुडघ्यांनाही ते झेपतं. कोरड्या वाळूत मात्र पाय रुततात आणि पोटऱ्या भरून येतात.

आणि रोज दोन-तीन तास एकमेकींपासून वेगळ्या राहा. आधी ठरवून, रुसून नाही. ‘मी डावीकडे खडकांपर्यंत जातेय, पाचला परत येते’ एवढं सांगून जा. मी एवढंच सांगितलं असतं तर ती पाण्यात उतरली नसती.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला उत्तर माहीत आहेच. ज्याचा हात आखडता, त्याच्या हिशेबाने राहण्याची जागा ठरवायची. ती तुम्हीच शोधा आणि स्वस्तातली तुम्हीच सुचवा, म्हणजे तिला नाही म्हणावं लागणार नाही. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या खोलीचे पैसे जास्त मोजावे लागतात. दोन गल्ल्या आत गेलात तर पाच मिनिटं चालावं लागतं, बाकी काही बिघडत नाही. निघताना दोघींनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि रोजचा खर्च त्यातूनच करायचा. ‘असू दे गं, मी देते’ हे वाक्य चार दिवस तोंडातून काढू नका. तुमच्या मनात प्रेम असेल, पण ऐकताना तिला तो उपकार वाटेल.

प्रश्न : मी आणि माझा मित्र, दोघेही विशीतले, पुढच्या महिन्यात समुद्रावर जातोय. मी पोहण्याच्या तलावात चार वर्षं नियमित पोहतो. त्याला अजिबात येत नाही, पण उत्साह दांडगा. मी शेजारी असताना तो कमरेएवढ्या पाण्यात आला तर चालेल ना? काही झालंच तर मी आहेच.
– एक वाचक

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याने मला काळजी वाटली. ‘मी आहेच’ म्हणून उडी घेणारा मित्रही बुडतो, असं पुन्हा पुन्हा घडतं. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो. त्याचा इलाज नसतो, शरीर आपोआप तसं करतं. तुम्ही हात दिलात तर तो तुमच्या खांद्यावर चढेल आणि तुम्ही खाली जाल.

तलावातलं पाणी जागच्या जागी असतं. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि बरेचदा एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. किनाऱ्यावरून बघितलं तर दोन्ही बाजूंना लाटा फुटताना दिसतात आणि मधला पट्टा गडद, शांत, फेस नसलेला. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाटा नाहीत! ही ओढ सेकंदाला २.४ मीटरपर्यंतही मोजली गेली आहे. जगातले सर्वांत वेगवान पोहणारे ५० मीटरला सुमारे २१ सेकंद घेतात, म्हणजे जेमतेम तेवढाच वेग. तुम्ही चार वर्षं पोहत असाल, तरी किनाऱ्याच्या दिशेने तिच्याविरुद्ध हात मारून दमाल, एवढंच होईल.

ओढीत सापडलात तर झगडायचं नाही. ती तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि बहुधा लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तिचा जोर ओसरतो. उताणं व्हायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, श्वास सावरायचा. ब्रिटनमध्ये १८२४पासून समुद्रात जीव वाचवण्याचं काम करणारी आरएनएलआय ही संस्थाही हेच शिकवते, आधी तरंगा. दम सावरला की किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे. जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात हलवून मदत मागायची.

आता तुमच्या मित्राबद्दल. त्याने पाण्यात यावं, मला त्याचा उत्साह आवडला. पण लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, जिथे जीवरक्षक पहाऱ्यावर आहे. नुसता लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव असण्याची शक्यता. वेगवेगळ्या देशांत थोडा फरक असू शकतो, म्हणून पोचल्यावर पहिलं काम तिथल्या जीवरक्षकाला विचारणं. आणि कमरेपर्यंत नको, गुडघ्यापर्यंतच. कमरेएवढ्या पाण्यात एक जोरदार लाट आली की पायाखालची वाळू सरकते आणि उभं राहता येत नाही. फुगवलेली ट्यूब किंवा गादी घेऊन तर त्याला मुळीच जाऊ देऊ नका. जमिनीवरून वारा वाहत असला तर ती बघता बघता लांब जाते, आणि तिच्यावर बसलेल्याला ते कळतही नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. बुडणारा ओरडतो, हात हलवतो, असं आपल्याला वाटतं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून दाखवून दिलं की तो बहुतेकदा गप्प असतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासच पुरत नाही तर आवाज कुठून येणार? हात बाजूंना पसरून पाणी दाबत असतात, पाय मारलेले दिसत नाहीत, माणूस पाण्यात उभाच दिसतो. हे जेमतेम २० ते ६० सेकंद चालतं. म्हणून मित्र पाण्यात असताना तुमची नजर त्याच्यावर, मोबाइलवर नाही. काही वावगं दिसलं तर आधी जीवरक्षकाला हाक, मग तरंगेल अशी कुठलीही वस्तू त्याच्याकडे फेकायची: ट्यूब, बूच लावलेला रिकामा कॅन, बंद झाकणाचा मोठा डबा. तुम्ही स्वतः आत जायचं नाही. हे त्याला आधीच सांगून ठेवा. सांगताना तुम्हाला जड जाईल, तरी सांगा.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणींनी मुद्दाम पौर्णिमेला धरून सुट्टी काढली आहे, चांदण्यात किनाऱ्यावर फिरायला. घरचे म्हणतात, तेव्हा उधाण असतं, जाऊ नका. बेत बदलावा का?
– एक वाचक

उत्तर : बेत बदलू नका, वेळ मात्र बघून ठरवा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीही नेहमीपेक्षा खाली जाते. सगळ्यात मोठी भरती बरेचदा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी असते, तेव्हा ‘पौर्णिमा झाली, आता काय’ असं म्हणू नका. घरच्यांचं बरोबरच आहे, पण ते अर्धंच सांगताहेत.

गंमत अशी की एखाद्या ठिकाणी उधाणाच्या भरतीची वेळ दर पौर्णिमेला साधारण तीच असते. ज्या किनाऱ्यावर ती मध्यरात्रीच्या सुमारास येते, तिथे संध्याकाळी ओहोटी असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपासच उगवतो, म्हणजे तुम्हाला रुंद, ओली वाळू आणि नुकता वर आलेला चंद्र, दोन्ही एकदम मिळतील. भरतीची वेळ तिन्हीसांजेची असेल, तर मात्र वाळूवर उतरू नका, वरच्या रस्त्यावरून किंवा कठड्यावरून बघा.

ओहोटीनंतर पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात कळतही नाही, पण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं. खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या वाळूवर गेलेली माणसं तेवढ्यात अडकतात. तेव्हा ओहोटीच्या वेळेला परत फिरा, खडकांच्या अलीकडेच थांबा, आणि चपला वाळूवर ठेवू नका, हातात घ्या.