सरासरी मागून काढ

भूजलावर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण पहिल्याच महिन्यात पाण्याची ‘योग्य किंमत’ काढायला बसू नकोस. आधी गावात जा.

एका बांधावर पाहिलेलं सांगतो. अलीकडे कोरडी विहीर, कठड्यावर उलटी ठेवलेली घागर. पलीकडे शेजाऱ्याची नवी बोअर आणि हिरवागार ऊस. खाली खडक एकच, पाणीही एकच. सरासरी काढलीस तर दोघांचंही ठीक चाललंय असंच दिसेल. म्हणून कोणाचं पाणी आटलं आणि कोणाचं वाढलं, ते आधी गटवार लिहून काढ.

पुरंदरची पाणी पंचायत, म्हणजे गावाने पाणी वाटून घेण्याची पद्धत, मात्र नीट अभ्यास. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात हे काम उभं केलं. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही हक्क, उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क सोबत जात नाही. समान वाटणी आणि पाण्याची बचत एकाच नियमात बसू शकते, हे मला तिथे उमगलं.

वीजबिलही बघ. पंपाचं बिल वापरलेल्या विजेवर नसून पंपाच्या अश्वशक्तीवर असेल तर जादा उपशाचा वेगळा खर्च पडतच नाही. पण दरवाढ सुचवण्याआधी त्यात कोण तगेल ते तपास, बोअरवाला की उथळ विहिरीवाला?

अहवाल मराठीतही लिही, ग्रामसभेत वाचून दाखव. बायका मागे बसलेल्या असतात, त्यांना मुद्दाम विचार. उन्हाळ्यात पाणी कुठून, किती वाजता आणावं लागतं, ते त्याच सांगतील.